मागच्या सीटला ब्रेक नसतो

नणंद: का थांबवलीस?

भावजय: मी नाही थांबवली, ताई. तुम्ही थांबवलीत.

नणंद: मी मागे बसले आहे. माझ्या हातात ब्रेक नाही, हँडल आहे ते नुसतं धरायला, घंटीसुद्धा तुझ्याकडे. मी कशी थांबवणार?

भावजय: पायांनी. तुम्ही दोन्ही पाय गच्च दाबून धरलेत. ही दोन सीटची सायकल आहे, दोघींची पेडलं एकमेकींना जोडलेली आहेत. तुमचे पाय थांबले की माझे थांबतात. माझे थांबले की आपण पडतो.

नणंद: समोर खांब होता.

भावजय: खांब पार्किंगच्या त्या टोकाला होता.

नणंद: खांब कुठेही असो, दिसला की माझा पाय जातो. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवते आहे मी. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि तोंडाने शांत राहा म्हणायचं. या पायाने कितीतरी कुत्री, दोन पोस्टमन आणि एक अख्खं फर्निचरचं दुकान वाचवलंय.

भावजय: इथे वाचवायला काही नाहीये. रिकामं पार्किंग आहे आणि कोपऱ्यात पाण्याच्या मोटरची खोली.

नणंद: ती खोली फार पुढे बांधली आहे.

भावजय: म्हणून म्हणते, तुम्ही पुढे बसा. तुम्हाला लहानपणापासून सायकल येते. मी गेल्या महिन्यात शिकले.

नणंद: शिकणारा स्टिअरिंगवर. हा नियम आहे. मी पुढे बसले तर तू शिकणार कधी?

भावजय: मला शिकायचं नाहीये. मला पोचायचंय.

नणंद: सगळे असंच म्हणतात आणि मग हँडब्रेक न काढता निघतात. चल. आरशात बघ.

भावजय: सायकलला आरसा नाहीये.

नणंद: नसला तरी बघायची सवय ठेव. खरं तर या सीटवर माझा भाऊ असायला हवा होता. नवरा-बायकोची जोडी म्हणून त्या सायकलफेरीत नाव घातलंत तुम्ही. मध्येच मी कुठून आले?

भावजय: त्याच्या खांद्याचं हाड मोडलंय, म्हणून आलात.

नणंद: घाटात सराव करताना पडला म्हणे. मी कालपासून विचार करतेय, इथे घाट कुठे आहे?

भावजय: घाट नाहीये. बेडरूममध्ये पडला.

नणंद: बेडरूममध्ये सायकल?

भावजय: सायकल नव्हती. सायकलवाल्यांची ती गादी लावलेली चड्डी असते ना, ती एका पायावर उभं राहून घालत होता. दुसरा पाय गादीत अडकला. तसाच कपाटावर गेला.

नणंद: आणि आईला घाट सांगितलात.

भावजय: मी नाही, त्याने. डॉक्टरांनाही घाटच सांगितला. डॉक्टरांनी विचारलं, हेल्मेट होतं का. तेव्हा मात्र कबूल केलं की चड्डीसुद्धा पुरती नव्हती.

नणंद: लहानपणी तो एकदा झोपलेल्या जागी पडला होता. जमिनीवर झोपला होता, तरी पडला. मार पेडल. हळू. हळू म्हटलं की थांबायचं नसतं.

भावजय: मी थांबले नाही. तुम्ही परत...

नणंद: स्कूटर होती.

भावजय: उभी होती, ताई. कव्हर घालून उभी होती. गेलं वर्षभर तिथेच आहे.

नणंद: अशाच अचानक निघतात. आणि हा टीशर्ट काखेत काचतोय. छातीवर काय लिहिलंय, 'माणसांची विक्री थांबवा'. मी खालून येत होते तर तुमच्या वॉचमनने विचारलं, मॅडम, कुणाची विक्री. मला नीट सांगता येईना.

भावजय: पाठीवर काय लिहिलंय ते त्याने विचारलं नाही?

नणंद: पाठीवर जे आहे त्यात विचारण्यासारखं काही नाही. 'पहिल्या प्रयत्नात लायसन्स. महिलांसाठी महिला शिक्षिका.' खाली नंबर.

भावजय: संस्थेच्या टीशर्टवर तुम्ही तुमच्या स्कूलची जाहिरात छापून घेतलीत. माझ्याही पाठीवर.

नणंद: पाठ रिकामी होती.

भावजय: परदेशातल्या डोंगरात कोण वाचणार ती?

नणंद: मी. पाच दिवस मीच वाचणार, दुसरं काही दिसणारच नाही मला. आता तू मला एक समजावून सांग. आपण दोघी गादीच्या चड्ड्या घालून तिकडच्या चढावर सायकल हाणणार. त्याने माणसांची विक्री थांबणार. कशी? तो विकणारा काय रस्त्याच्या कठड्यावर बसलेला असतो? आपल्याला धापा टाकताना बघून म्हणतो, जाऊ दे, आजपासून भाजी विकतो?

भावजय: लोक आपल्या नावाने देणग्या देतात. त्यातून सुटून आलेल्या मुलींचं एक घर चालतं. राहणं, डॉक्टर, वकील.

नणंद: मग देणगी देऊन सगळ्यांनी घरी बसावं. मध्ये सायकल कशाला?

भावजय: नुसतं मागितलं तर देत नाहीत. आपल्याला त्रास होतोय असं दिसलं की देतात.

नणंद: एवढंच असेल तर मी इथेच उभी राहते, तू मला चिमटे काढ. व्हिडिओ करून पाठवू. थांब, फोन वाजतोय. रिव्हर्सवाली आहे.

भावजय: कोण?

नणंद: माझी स्टुडंट. हॅलो, बोल गं. ...हो, आहे की. भावजयीच्या पार्किंगमध्ये आहे, सराव चाललाय. ...सायकलचा. दोघी एका सायकलवर. ...नाही, गाडी विकली नाही, गाडी आहे. ...संध्याकाळी ये, घरीच आहे मी. बॅग भरलीस? शाबास. ये, ये.

भावजय: रिव्हर्सवाली हे नाव तिला माहीत आहे?

नणंद: अख्ख्या बॅचला माहीत आहे. पुढे इतकी सुंदर चालवते, लोण्यासारखी. मागे घ्यायला सांगितली की डोळे मिटून घेते. गुणी पोरगी आहे, वडील नाहीत. परवा बाहेरच्या देशात चालली आहे, एका मोठ्या घराण्याच्या गाड्या चालवायला. मीच जमवून दिलं सगळं.

भावजय: छान. पेडल मारा.

नणंद: खरं सांगू का? मी येत नाही.

भावजय: ताई.

नणंद: राग मानू नकोस. माझे गुडघे बघ, माझं वय बघ. या सीटवर बसून मला पुढचं काही दिसत नाही, आणि दिसलं तर तू ओरडतेस. मला ज्या गाडीत ब्रेक नाही त्या गाडीत झोप येत नाही, जेवण जात नाही.

भावजय: उद्या नावं पक्की करायची आहेत. एकटीला घेत नाहीत. साध्या सायकली केव्हाच संपल्या, ही जोडीची तेवढी उरली होती म्हणून आम्हाला मिळाली. तुम्ही नाही म्हणालात तर माझं जाणं रद्द.

नणंद: मग पुढच्या वर्षी जा. तोवर त्याला खुर्चीत बसून चड्डी घालायला शिकव.

भावजय: पुढच्या वर्षी नाही जमणार.

नणंद: का? ते घर काय पळून जाणार आहे? तू लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढतेस, एवढं समाजकार्य पुष्कळ झालं. मला कारण सांग. त्या पत्रकातलं नको, तुझं.

भावजय: सांगितलं तर याल?

नणंद: कारण बघून ठरवीन.

भावजय: आणि कुणाला सांगणार नाही?

नणंद: मी कधी कुणाला काय सांगते?

भावजय: आम्ही घर बघत होतो, ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. चार दिवसांनी सिग्नलला एक बाई काच खाली करून मला म्हणाली, तिसरा मजला घेऊ नका, पाणी चढत नाही. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. गाडीवर तुमच्या स्कूलचं नाव आणि लाल 'एल' अक्षर होतं.

नणंद: पाणी खरंच चढत नाही तिथे.

भावजय: ताई.

नणंद: अगं, एक तास शेजारी बसायचं असतं, गाडी पहिल्या गिअरमध्ये. माणूस किती वेळ क्लचवर बोलणार? बरं. नाही सांगत. गळ्याची शपथ. बोल.

भावजय: माझी बहीण तिथे आहे.

नणंद: धाकटी? हो, माहीत आहे, त्याच देशात आहे ना. हॉटेलात, रिसेप्शनवर. मग तिला भेटायला सरळ विमानाने जा. सायकलने कुणी बहिणीकडे जातं का?

भावजय: हॉटेल नाहीये.

नणंद: सोडलं का? कुठे असते आता?

भावजय: त्या घरात. ज्याच्यासाठी सायकल चालवतात त्या.

नणंद: तिथे रिसेप्शनवर?

भावजय: ताई, ती सुटून आलेल्या मुलींमधली आहे.

(दोघी उतरतात. सायकल खांबाला टेकवून ठेवली जाते.)

नणंद: पण फोटो यायचे तिचे. हॉटेलच्या टेबलामागे उभी, हसतेय. तुझ्या आईने एक फ्रेम करून टीव्हीशेजारी ठेवलाय. मी स्वतः बघितलाय.

भावजय: ज्या एजंटने तिला पाठवलं त्याच्या माणसांनी काढले होते ते फोटो. पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी एका हॉटेलात नेलं, कपडे बदलून बदलून एका दुपारी सगळे काढून घेतले. मग महिन्याला एक पाठवत राहिले, तिच्याच फोनवरून. ती तोवर एका घरात होती. मग दुसऱ्या. घरकाम, म्हातारी माणसं, पोरं, सगळं. पासपोर्ट त्यांच्याकडे, दाराला बाहेरून कडी. एका शेजारणीने कळवलं म्हणून ही संस्था पोचली. जवळजवळ वर्ष झालं होतं.

नणंद: आणि आम्ही इकडे म्हणत होतो, पोरगी सुखाला लागली, अंगाने भरली.

भावजय: आता केस चालू आहे. साक्ष होईपर्यंत तिला तो देश सोडता येत नाही. आणि साक्ष झाली की कुठे ठेवतील, कळवतील की नाही, काही सांगता येत नाही. म्हणून पुढचं वर्ष नको.

नणंद: मग जाऊन भेट ना तिला. सख्खी बहीण आहेस.

भावजय: पत्ता देत नाहीत. नातेवाइकांना तर अजिबात नाही. विकणारेच भाऊ, मामा, मावशी बनून येतात म्हणे. वर्षातून एकदा या सायकलवाल्यांना शेवटच्या दिवशी तिथे नेतात, कारण त्यांची चौकशी आधीच झालेली असते.

नणंद: म्हणजे बहीण म्हणून तुला दारात उभं करत नाहीत, आणि गादीची चड्डी घातली की या बसा म्हणतात.

भावजय: हो.

नणंद: हा नियम करणाऱ्याला माझ्यासमोर आणून बसव. नुसतं बसव.

भावजय: नियम बरोबर आहे, ताई. मला त्रासदायक आहे, पण बरोबर आहे.

नणंद: तुझ्या आईला यातलं काय माहीत आहे?

भावजय: काही नाही. धाकटीने शपथ घातली होती. मला माहीत होतं आणि तुमच्या भावाला. आता तुम्हाला. आम्ही दोघं इथल्या पोलिसांकडेही जाऊन आलो होतो, ती फोन उचलत नव्हती, नुसते फोटो यायचे तेव्हा. त्यांनी फोटो बघितले. म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या पायांनी गेली आहे आणि हसते आहे.

नणंद: माझ्या भावाला इतके महिने गप्प बसता आलं?

भावजय: तुमच्यावर गेला नाहीये तो.

नणंद: ...तो एजंट कसा होता दिसायला?

भावजय: का?

नणंद: सांग तर.

भावजय: साधाच. एका हातात दोन फोन धरायचा, दोन्हीवर एकदम बोलायचा. प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचा, आपलीच मुलगी समजा. ताई? ताई, तिथे नका बसू, तेल सांडलंय. काय झालं?

नणंद: मी त्याला म्हटलं होतं, एका वेळी एकाच फोनवर बोलत जा.

भावजय: तुम्ही त्याला कुठे भेटलात?

नणंद: तुझ्या आईने नंबर दिला. मीच मागितला, उन्हाळ्यात. त्या किती कौतुकाने देत होत्या. रिव्हर्सवालीसाठी.

भावजय: परवा जातेय ती?

नणंद: परवा.

भावजय: लावा फोन. आत्ता लावा. एजंट लबाड आहे एवढंच सांगा. धाकटीचं नाव काढू नका.

नणंद: हॅलो. ऐक, तू जाऊ नकोस. ...संध्याकाळी माझ्याकडे नाही गं, परवा, बाहेर. एजंट बरोबर नाही तो. ...कसा म्हणजे, बरोबर नाही. ...हो, नंबर मीच दिला. ...हो, सोन्यासारखा माणूस असं मीच म्हणाले. ...ते खरं आहे, पण... ...हो, फोटो मीच दाखवला. ...हो, दोनदा. ...नाही, ती बरी आहे. म्हणजे मजेत आहे. म्हणजे तसं नाही. ...मी कशाला जळू? माझ्या स्टुडंटवर मी कशाला... हॅलो.

भावजय: ठेवला?

नणंद: ठेवला. म्हणाली, मॅडम, तुम्हीच सांगितलं होतंत की निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या पोटात दुखायला लागतं, कुणाचं ऐकायचं नाही, गाडी तिसऱ्यात टाकायची आणि जायचं. मीच सांगितलं होतं. सर्व्हिस रोडवर, छान ऊन पडलं होतं. मी इतकं पटवून सांगितलंय तिला की आता मलाच ते खोडता येत नाहीये.

भावजय: तिच्या आईशी बोला.

नणंद: तिच्या आईला मी जास्त पटवलंय.

भावजय: मग तिला खरं सांगावं लागेल.

नणंद: तेच. परत लावते फोन, सांगते सगळं.

भावजय: नाही. धाकटीला विचारल्याशिवाय नाही.

नणंद: अगं, परवा विमान आहे त्या पोरीचं.

भावजय: माझ्या बहिणीला वर्षभर कुणी काही विचारलं नाही. कुठे झोपायचं, काय घालायचं, कॅमेऱ्यात कधी हसायचं. तिच्या गोष्टीचं काय करायचं हे ती सांगेल.

नणंद: आणि नाही म्हणाली तर?

भावजय: तर नाही.

नणंद: तर मी परवा विमानतळाच्या दारात स्कूलची गाडी आडवी लावते. लाल अक्षरवाली. बंद पडली म्हणून सांगेन, कुणाला आश्चर्य वाटणार नाही. लाव तिला फोन.

भावजय: स्पीकरवर लावते. तुम्ही बोलू नका.

धाकटी: बोल, पण लवकर. टॉवेल वाळत घालतेय.

भावजय: इतके टॉवेल कुणाचे?

धाकटी: तुमचे. सायकलवाले येणार ना. चाळीस माणसं, माणशी दोन. आम्ही या आठवड्यात दुसरं काहीच करत नाही. इथल्या जुन्या मुली सांगत होत्या, गेल्या वर्षी एक बाई पोचल्या पोचल्या यांच्या गळ्यात पडून इतकी रडली की शेवटी यांनीच तिला थोपटून झोपवलं. तू तसलं काही करणार असशील तर सायकल तिकडेच वळव.

भावजय: नाही रडत. ऐक, मी एकटी नाहीये. ताई आहेत इथे. स्पीकर चालू आहे.

धाकटी: ...नमस्कार ताई. कशा आहात? मी जरा रिसेप्शनवर आहे, समोर गेस्ट उभे आहेत.

नणंद: असू दे बाळ. टॉवेल घाल वाळत.

धाकटी: सांगितलंस तू.

भावजय: हो.

धाकटी: शपथ घेतली होतीस.

भावजय: घेतली होती.

धाकटी: आणि सांगायला माणूस कोण शोधलास, तर ताई. तुमच्या त्या तिसऱ्या मजल्याला पाणी चढत नाही हे मला इथे कळलं. त्या घरात कोंडलेली असताना नव्हतं कळलं, सुटून आले तर पहिल्या आठवड्यात आईने फोनवर सांगितलं. फोन ठेवते मी.

भावजय: ठेवू नकोस. एक मुलगी जातेय परवा. त्याच माणसाकडून.

धाकटी: कुठला माणूस?

भावजय: दोन फोनवाला.

धाकटी: तो बाहेरच आहे अजून?

भावजय: संस्थेने तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे म्हणतात. तो तोवर माणसं पाठवतोय.

धाकटी: मला सोडायला तो विमानतळावर आला होता. माझी बॅग स्वतः उचलून आत दिली. आईने त्याला पाणी विचारलं. ...त्या मुलीला सांगा जाऊ नको म्हणून.

नणंद: सांगितलं. ऐकत नाही. तिला वाटतं मी जळतेय.

धाकटी: मग नीट सांगा ना, ताई. माझं नाव सोडून सांगा. कुणाची तरी मैत्रीण म्हणा, लांबची कुणी म्हणा.

भावजय: ते नाही चालणार. तिने तुझा फोटो बघितलाय. तो बघूनच जातेय.

धाकटी: कुठला?

नणंद: निळ्या शर्टातला. टेबलामागे उभी आहेस, हातात फोनचा रिसीव्हर. मी दाखवला. मला माहीत नव्हतं गं.

धाकटी: तो शर्ट मोठा होत होता. मागून पिना लावल्या होत्या. वळू नकोस म्हणाले होते.

नणंद: मी तिला म्हणाले, बघ कशी ऐटीत उभी आहे.

भावजय: मी बोलते तिच्याशी. तू नको. फक्त हो म्हण.

धाकटी: तू काय सांगणार? तुला मी अर्धंच सांगितलंय.

भावजय: जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

धाकटी: तेवढ्याने कुणी थांबत नाही. मला पण सांगितलं होतं एका बाईने. विमानतळावर, बाथरूममध्ये. म्हणाली, कागद कुणाच्या हातात देऊ नकोस. मला वाटलं, काय खवचट बाई आहे. नव्या कपड्यांत होते मी.

भावजय: मग तूच बोलशील?

धाकटी: ती मुलगी आईला सांगेल. तिची आई आपल्या आईला फोन करेल.

भावजय: करेल.

नणंद: माझ्या तोंडून एक अक्षर जाणार नाही.

धाकटी: तुमच्याबद्दल नाही म्हणत मी, ताई. तुम्ही आता या प्रकरणात सगळ्यात कमी धोक्याच्या आहात. आईला संध्याकाळपर्यंत कळेल, कुणाकडूनही.

भावजय: कळेल. मी आत्ताच जाते तिच्याकडे, रिक्षाने. ती फोन उचलायच्या आधी पोचते.

धाकटी: फोटो तू काढू नकोस तिथून. तिचा तिला काढू दे.

भावजय: बरं.

धाकटी: त्या मुलीला जोडा. थांबा, दोन मिनिटं थांबा, आत जाते. इथे दाराला कडी आतून आहे.

नणंद: ऐक, ती येईपर्यंत एक बोलून घेते. मी येते आहे. पुढे बसेन, मागे बसेन, हँडलवर बसेन. यावर चर्चा नको.

भावजय: आणि खांब दिसला तर?

नणंद: खांबाने बघून घ्यावं. आणि त्या पाठीवरच्या जाहिरातीवर काळी पट्टी मारून टाक.

भावजय: राहू द्या. पाठ रिकामी दिसेल.

धाकटी: आले. लावा.

नणंद: हॅलो, ठेवू नकोस. शिव्या नंतर घाल, पोटभर घाल. ...नाही, मी काही बोलणार नाहीये. मी गप्प बसणार आहे. ...हो, मीच बोलतेय. गप्प. तू जिचा फोटो बघितलास ना, ती फोनवर आहे. ...हो, तीच. तिकडूनच बोलतेय. पाच मिनिटं तिचं ऐक, मग तुला जायचं तर जा, मी बॅग उचलायला... नाही, मी नाही उचलणार बॅग. ऐक तिचं. बोल गं.

धाकटी: हॅलो. ...हो, मीच ती फोटोतली. ...हो, शर्ट छान होता. ...नाही, मला कुणी बोलायला लावलेलं नाही. मुलींना लावतात कधीकधी, पण आज नाही. ...तुझ्या शेजारी कोण आहे? आई? असू दे, तिलाही ऐकू दे. ...नाही, बॅग भरता भरता नको, जरा बस कुठेतरी. ...बसलीस? पहिले काही दिवस सगळे माझ्याशी फार चांगले वागले. तिथूनच सांगते.